फवारून दोन दिवस झाले, अळी अजून जितीच? दुसरं औषध न्यायच्या आधी एवढं तपासा

पोळा जवळ आला की आमच्या दुकानात एकच तक्रार दिवसातून चार-पाचदा येते. "भाऊ, कायचं औषध देल्लं तुमी? अळी त जित्तीच हाये." सांगणारा खोटं बोलत नसतो. तो सकाळीच वावरात जाऊन आलेला असतो. सोयाबीनचं पान उलटं करून, अळीला काडीनं डिवचून त्यानं पाहिलेलं असतं, आणि ती हललेली असते. औषधाचे पैसे गेले, फवारणाऱ्याची मजुरी गेली आणि अळी जागच्या जागी. मग पुढचं वाक्य ठरलेलं, "आता काई जहाल द्या."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात मी कृषी केंद्र चालवतो. ही तक्रार दर खरिपात येते, हरभऱ्याला घाटे लागले की पुन्हा येते. बहुतेक वेळा औषधात काही बिघाड नसतो. बिघाड असतो आपल्या बघण्यात, नाहीतर मापात. आणि त्यावर उपाय म्हणून जे 'जहाल' नेलं जातं त्यानं अळीपेक्षा माणूस आधी आडवा होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

बोलतोय ते क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससीबद्दल. लोक ते ब्रँडच्या नावानं मागतात, आता तर कितीतरी नावांनी येतं, पण बाटलीवर बारीक अक्षरात घटक हाच असतो. फ्लुबेंडायमाइड आणि सायॲन्ट्रानिलीप्रोल ही त्याचीच भावंडं. या तिघांचं काम एकसारखं चालतं आणि ते जुन्या औषधांसारखं चालत नाही. सगळा घोळ इथंच होतो.

जुन्या सिंथेटिक पायरेथ्रॉइडनं आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे. फवारलं, तासाभरात अळ्या तडफडून खाली, धुऱ्यावर उभं राहून मोजाव्या. ते औषध नसांवर मार करतं, म्हणून तडफड दिसते. या नव्या औषधाचा मुख्य मार नसांवर नसतो. ते अळीच्या स्नायूत शिरून तिथला कॅल्शियमचा साठा उघडतं.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात, नाहीतर पानाचा चुना. अळीला हाडं नाहीत, पण तिच्या प्रत्येक स्नायुपेशीत कॅल्शियम कोंडून ठेवलेलं असतं. पेशीच्या आतल्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच, बाहेरच्या मानानं दहा हजार पटींनी कमी. सगळं ठेवलेलं असतं आत एका जाळीदार पिशवीत. जुन्या घरातली ढोली डोळ्यांपुढे आणा, तुमच्याकडे कणगी म्हणत असतील. वरून लिंपलेली, आणि खाली दाणे काढायला एक तोंड, त्यात चिंधीचा बोळा. बोळा काढला की ज्वारी घळाघळा खाली. अळीला पाय उचलायचा असला की नसेकडून निरोप येतो, पेशीच्या कडेनं थोडंसं कॅल्शियम आत येतं, आणि ते थोडंसं कॅल्शियमच ढोलीचा बोळा ओढतं. साठा बाहेर येतो, स्नायू आखडतो. लगेच पंप सुरू होऊन सगळे दाणे परत ढोलीत भरतो, स्नायू सैल पडतो. हे भरणं फुकट होत नाही. पेशीचं इंधन म्हणजे एटीपी, त्याचा एक रेणू जळतो तेव्हा कॅल्शियमचे दोन कण आत जातात. अळी चालते, पान कुरतडते, श्वासाची भोकं उघडते-मिटते, ते सगळं याच भरण्या-काढण्यावर.

ढोलीच्या त्या तोंडाचं नाव रायनोडीन रिसेप्टर. नाव पडलं ते रायनिया नावाच्या दक्षिण अमेरिकेकडच्या एका झाडावरून. १९४० च्या दशकात त्या झाडाच्या खोडाची भुकटी कीटकनाशक म्हणून विकली जायची, आणि त्यातलं विष नेमकं कुठं चिकटतं ते शोधताना हे तोंड सापडलं. आपलं औषध चिकटतं त्याच तोंडाला, पण वेगळ्या जागी. चिकटलं की बोळा पूर्ण बसतच नाही. कॅल्शियम झिरपत राहतं, स्नायू आखडलेला राहतो, पंप भरून भरून दमतो, आणि शेवटी ढोलीच रिकामी. मग निरोप आला तरी आखडायला काही उरत नाही.

आता हे वावरात कसं दिसतं ते बघा. जबड्याचे स्नायू लवकर जातात. काही मिनिटांत, फार तर दोन-तीन तासांत अळी खाणं सोडते. मरते मात्र एक ते तीन दिवसांनी, लुळी पडून आणि उपाशी. मधल्या वेळात ती पानावर बसलेली असते, डिवचलं तर किंचित हलतेही. तुम्ही सकाळी जाऊन बघता ती हीच अळी. तिचं जेवण कालच बंद झालेलं आहे.

म्हणून पहिली तपासणी अळीच्या हलण्याची करू नका, तोंडाची करा. मी सगळ्यांना डब्याचा प्रयोग सांगतो. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून दहा-बारा अळ्या गोळा करा. प्लॅस्टिकच्या बरणीत तळाला कोरडा कागद घाला, फवारलेल्या झाडाचीच चार पानं ठेवा, झाकणाला दाभणानं भोकं पाडा आणि सावलीत ठेवून द्या. दुसऱ्या बरणीत न फवारलेल्या धुऱ्याकडच्या अळ्या आणि तिथलीच पानं. संध्याकाळी दोन्ही कागद बघा. चांगल्या अळीच्या बरणीत हिरव्या-काळ्या लेंड्या पडलेल्या असतात आणि पानाची चाळणी झालेली असते. औषध लागलेल्या अळीच्या बरणीत लेंड्या जवळपास नाहीत, पान तसंच, आणि अळी आखूड झालेली. उंट अळीवर तर हे फार स्पष्ट दिसतं. एरवी ती पाठीची कमान करून पुढे सरकते. औषध खाल्लेली उंट अळी कमान करते ती अर्धवट, आणि मग तिला धड सरळही होता येत नाही. कधी तोंडातून हिरवट पाणी टाकते. असं दिसलं तर औषध लागलेलं आहे. घरी जा, तिसऱ्या दिवशी या.

कागदावर लेंड्या दिसल्या, तर मात्र तक्रार खरी. मग पुढचं तपासायचं.

सगळ्यात मोठी चूक मापात असते, आणि ती शिकलेले लोकही करतात. सोयाबीनसाठी शिफारस आहे हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली, आणि त्यासाठी एकरी २०० लिटर पाणी धरलेलं आहे. त्यावरूनच 'दहा लिटरला ३ मिली' हे वाक्य निघालं. लोकांच्या डोक्यात तेवढंच वाक्य राहिलं, दोनशे लिटर विसरले. पंधरा लिटरच्या पंपाला साडेचार मिली टाकतात ते बरोबर, पण ६० मिली पुरे पडायला तेरा पंप मारावे लागतात. आपल्याकडे फवारणाऱ्याची मजुरी पंपावर ठरते, त्यामुळे मालक सांगतो, "सात पंपात एकर काढ." सात गुणिले साडेचार म्हणजे साडेएकतीस मिली. अर्धंच औषध गेलं. बाटली उरली म्हणून माणूस खूश होतो, आणि तीच बाटली घेऊन आठवड्यानं माझ्याशी भांडायला येतो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण एकदाच करायचा आहे. साधं पाणी भरून, तुमच्याच फवारणाऱ्याच्या चालीनं, एका एकराला किती पंप लागतात ते मोजा. ६० मिलीला त्या संख्येनं भागा. येईल ते तुमच्या पंपाचं माप. दहा पंपांच्या खाली मात्र येऊ नका, कारण मग झाडाच्या आत पाणी पोचत नाही. हे औषध अळीच्या पोटातून जास्त काम करतं, अंगावर पडून कमी, म्हणजे ती खाते ते पान भिजलं पाहिजे. दाट सोयाबीनमध्ये ते पान मधल्या थरात असतं आणि आपण वरचा शेंडा धुऊन येतो. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं गणित वेगळं. त्याला पाणी कमी लागतं म्हणून पाण्यातलं प्रमाण तिप्पट धरतात, पण एकरी औषध तेवढंच. आणि माप झाकणानं नको. मापकपट्टीची शिशी दुकानात फुकट मिळते, मागून घ्या.

अळी मोठी झालेली असेल, बोटाच्या पेरापेक्षा लांब, तर पूर्ण मापातही वेळ लागतो. घाट्यात किंवा शेंगेत शिरलेली अळी तर औषधाच्या वाटेवरच नसते. तिचं पुढच्या वर्षी बघू, तेही लवकर, फुलोऱ्याच्या सुरुवातीला. तंबाखूची पानं खाणारी अळी दिवसा झाडाच्या बुडाशी दडून बसते आणि रात्री चरते, म्हणून तिच्यासाठी दिवस कलल्यावर फवारलेलं बरं.

कधी कीडच वेगळी निघते. पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे यांच्यासाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल नाही. चक्री भुंग्यानं देठावर दोन गोल कापे मारलेले असतील तर ते पान वाळणारच. औषध कापा बुजवत नाही, नवे कापे थांबवतं.

खाऱ्या पाण्याचं लोक फार विचारतात, विशेषतः अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातले पाहुणे आले की. पाण्याचा सामू फार चढलेला असेल तर हे औषध हळूहळू फुटतं, पण त्याला दिवस लागतात. सकाळी कालवून दुपारपर्यंत मारलं तर काळजीचं कारण नाही. रात्रभर ड्रममध्ये कालवून ठेवू नका. गढूळ पाणी मात्र फडक्यानं गाळूनच घ्या. एकानं तर मला विचारलं, अळीत कॅल्शियम सुटल्यानं ती मरते तर टाकीत थोडं कॅल्शियम नायट्रेट घातलं तर लवकर मरंल काय? प्रश्न हुशारीचा आहे. पण कॅल्शियम तिच्या ढोलीत आधीच भरपूर आहे, बाहेरून दिलेलं तिथं पोचतही नाही. आपल्याला फक्त बोळा काढायचा आहे.

आता अवघड भाग. माप बरोबर, अळी लहान, पाणी चांगलं, तरी कागदावर लेंड्या आहेत. मग विचारा, गेल्या दोन फवारण्यांत काय मारलं होतं? बरेचदा उत्तर येतं की औषध बदललं होतं. बाटल्या काढून बघतो तर पहिली क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलची, दुसरी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल आणि लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीनच्या तयार मिश्रणाची, तिसरी फ्लुबेंडायमाइडची. नावं तीन, रंग तीन, पण अळीत जाऊन तिन्ही एकाच तोंडाला चिकटतात. औषध अळीत कुठं काम करतं त्यावरून त्याचा गट ठरतो. ही सगळी गट २८ ची, म्हणजे डायमाइड घराण्यातली औषधं.

ते तोंड म्हणजे एक अवाढव्य प्रथिन आहे. चार सारखे तुकडे जुळून बनतं आणि एकेका तुकड्यात सुमारे पाच हजार मणी, म्हणजे अमिनो आम्लं, असतात. त्यातला एक मणी बदलला तरी औषध बसेनासं होतं. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात हे झालेलं आहे. फिलिपाइन्स आणि थायलंडमध्ये ही औषधं आल्यावर थोड्याच वर्षांत ती अळी मरेनाशी झाली. तपासलं तर ४९४६ व्या जागी ग्लायसिनच्या ऐवजी ग्लुटामिक आम्ल आलेलं. जिच्यात हा बदल होता ती अळी वाचली आणि तिचीच पिल्लं वाढली. कारण शेतकरी आठवड्या-आठवड्याला तेच मारत होते.

आपल्याकडे घाटे अळीचं चक्र बघा. पऱ्हाटीवर असते, सोयाबीनवर येते, तिथून तुरीवर, मग हरभऱ्यावर. पीक आपण बदलतो, अळीचं घराणं तेच. सोयाबीनवर गट २८ वापरला असेल तर लगेच पुढच्या पिढीवर तोच नको. इमामेक्टिन किंवा इंडोक्झाकार्ब घ्या. पहिलं क्लोराइडच्या दारावर काम करतं, दुसरं सोडियमच्या. फक्त लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते बघा. आणि 'डायमाइड' शब्द दिसला म्हणून फसू नका. ब्रोफ्लानिलाइडलाही लोक त्याच घराण्यातलं समजतात, पण ते गट ३० चं, त्याचं दार वेगळं. बाटलीवर गट क्रमांक छापलेला नसेल तर घटकाचं नाव दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर दुकान बदला.

राहिलं ते 'जहाल द्या'.

काही वर्षांपूर्वी मी ते दिलं होतं. ओळखीचे काकाजी, दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन आले. दुकानात गर्दी होती, समजावत बसायला मला वेळ नव्हता. प्रोफेनोफॉसची बाटली काढून दिली. त्यांच्या सालदारानं उन्हातच, उघड्या अंगानं, उरलेल्या औषधात ते कालवून फवारलं. संध्याकाळी मला धुऱ्यावर बोलावलं. तो लिंबाखाली बसला होता. लाळ बनियनवर गळत होती, पुसायचं भान नव्हतं. डोळ्यांतून पाणी, बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक, छातीत घरघर. १०८ ला फोन लावला. तो वाचला, चार दिवस दवाखान्यात काढून घरी आला. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली ते इथं कोणाला सांगायला नको.

त्याला काय झालं होतं, हे मी नंतर नीट वाचून काढलं. गंमत म्हणजे तीही कॅल्शियमच्या ढोलीचीच गोष्ट निघाली.

माणसाच्या लाळेच्या ग्रंथीला, घामाच्या ग्रंथीला, श्वासनळीच्या स्नायूला निरोप देणारा रेणू म्हणजे ॲसिटिलकोलीन. तो पेशीच्या आत येत नाही. वेशीवर येऊन हाळी देतो आणि तिथंच थांबतो. वेशीवरचा रिसेप्टर ती ऐकतो, पेशीच्या पातळ आवरणातला एक स्निग्ध रेणू तोडला जातो, आणि त्याचा सुटलेला तुकडा आत धावत सुटतो. कोतवालासारखा. त्याचं नाव इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, थोडक्यात आयपी३. हा कोतवाल आतल्या ढोलीशी जाऊन तिचं आयपी३ चं तोंड उघडतो. कॅल्शियम सुटतं. ग्रंथी लाळ सोडते, श्वासनळी आवळते, बाहुली बारीक होते. हे रोज होतं, जेवताना होतं, आणि लगेच थांबतं, कारण वेशीवर एक विकर बसलेलं असतं, ते ॲसिटिलकोलीनला क्षणात तोडून टाकतं.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस ही सगळी मंडळी त्या विकरालाच बांधून टाकतात. मग हाळी थांबत नाही, कोतवाल धावतच राहतो आणि प्रत्येक ग्रंथीत कॅल्शियम सुटतच राहतं. सालदाराच्या बनियनवर गळत होती ती लाळ यातूनच आलेली. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात ते वेशीवरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, त्यामुळे हाळी ऐकूच जात नाही. छातीतलं पाणी आटेपर्यंत ते देत राहावं लागतं. पण हातापायाच्या आणि श्वासाच्या मोठ्या स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळे, त्यांना ॲट्रोपिनचा उपयोग नाही, म्हणून दुसरी औषधं लागतात, कधी श्वासाचं यंत्र लागतं. घरी हे होणार नाही. ओकारी काढू नका, तूप-दूध पाजू नका. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, बाटली सोबत घ्या आणि निघा.

हा कोतवाल सापडला त्यामागे माशीची लाळ होती. केंब्रिजचे मायकेल बेरिज एका माशीच्या लाळग्रंथीवर वर्षानुवर्षं काम करत होते, निरोप वेशीवर येतो आणि कॅल्शियम आत सुटतं, मग मधला धावणारा कोण, हे शोधत. १९८३ साली त्यांनी जर्मनीतल्या सहकाऱ्यांबरोबर स्वादुपिंडाच्या पेशींवर दाखवून दिलं की तो आयपी३.

मग डायमाइडनं आपल्याला असं का होत नाही? रायनोडीनचं तोंड आपल्याही स्नायूत आहे, हृदयातही आहे, एकूण तीन प्रकारचं. पण त्याची घडण अळीच्या तोंडापेक्षा वेगळी, त्यामुळे औषध तिथं शेकडो पटींनी कमी चिकटतं. याचा अर्थ हातमोजे नकोत असा नाही. आणि शेजारच्या वावरात तुतीवर रेशीम किडे असतील तर फारच जपा, किडा झाला तरी तो अळीच आहे. पंप नाल्यात धुऊ नका, पाण्यातल्या बारीक जिवांना हे सोसत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी बरणी भरा, संध्याकाळी बघा, लेंड्या असतील तर बरणी, औषधाची बाटली आणि एकरी किती पंप मारले तो आकडा, तिन्ही घेऊन दुकानात या. नुसतं 'जित्ती हाये' सांगितलं तर मी आता बाटली काढून देत नाही.

बरणी मात्र जुनी घ्या. त्याच काकाजींनी गेल्या हंगामात नातवाचा शाळेचा डबा भरून आणला होता. बारा अळ्या, सगळ्या आखडलेल्या, कागद कोरा. बघून ते खूश झाले, दुसरं औषध न घेताच निघाले. पायरीवरून वळून म्हणाले, "पैशे त वाचले भाऊ, पण पोट्टं आता त्या डब्यात पोळी नाई नेत. नवा डबा कितीले येते?"